टीव्ही घेण्याआधी टेप घ्या: घरच्या थिएटरची पायरी-पायरीने खरेदी

दुकानात शिरून "पंचावन्न इंचीत सध्या काय चाललंय?" असं विचारणारं गिऱ्हाईक सेल्समनला फार आवडतं, कारण पुढचं सगळं मग तोच ठरवतो. घरात पिक्चर नीट बघायचा आणि नीट ऐकायचा असेल, तर निम्मे निर्णय दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्याच हॉलमध्ये उभं राहून घ्यायचे असतात. टीव्ही आणि साउंड दोन्ही पहिल्यांदाच एकत्र घेणाऱ्यांसाठी ही क्रमवार माहिती. डोळ्यांपुढे घर ठेवलंय ते पुण्या-ठाण्याकडचा साधा टू बीएचके: दहा-अकरा फूट रुंदीचा हॉल, एका बाजूला बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, आणि वर-खाली दोन्हीकडे शेजारी.

पहिलं काम: हॉल मोजा

अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. सोफ्यावर नेहमीसारखे टेकून बसा आणि कुणाला तरी तुमच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरायला सांगा. सोफा स्वतःच अडीच-तीन फूट खातो, त्यामुळे दहा फुटी हॉलमध्ये खरं अंतर साडेसात फुटांच्या आसपास उरतं.

आता हिशोब. टीव्हीचा आकार म्हणजे त्याचा कर्ण, इंचांत. त्याला १.२ ने गुणलं की थिएटरसारखा भव्यपणा देणारं अंतर मिळतं, १.६ ने गुणलं की निवांत बघण्याचं. म्हणजे ५५ इंचीसाठी साडेपाच ते जवळपास साडेसात फूट, ६५ इंचीसाठी साडेसहा ते पावणेनऊ फूट आणि ७५ इंचीसाठी साडेसात ते दहा फूट. आपल्या साडेसात फुटांत ६५ इंची अगदी चपखल बसतो. ५५ इंचीही चालतो, पण त्याहून लहान घेतला तर ४के चित्रातला बारकावा त्या अंतरावरून दिसणारच नाही. ज्याचे पैसे मोजले ते वाया.

"एवढा मोठा? डोळे जातील!" हे घरातलं कुणीतरी म्हणणारच. जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर जवळून रेषा दिसायच्या, त्या काळातला हा सल्ला आहे. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, रेषा दिसायचा प्रश्नच येत नाही. तरी खात्री हवी असेल तर जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून भिंतीवर लावून बघा: ६५ इंचीसाठी १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच, ५५ इंचीसाठी १२२ बाय ६९. दोन दिवस तसंच राहू द्या. घरातले वाद या कागदावर मिटतात.

कागद लावलाच आहे तर उंचीही ठरवून टाका. बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात आणि स्क्रीनचा मध्य तिथेच हवा. ६५ इंचीची खालची कड म्हणजे जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर येते. सुतार आणि इंटिरिअरवाले टीव्ही देवघराच्या उंचीवर टांगतात, मग अडीच तासांचा पिक्चर मान वर करून बघावा लागतो. त्यांना आकडा लिहून द्या.

दोन गोष्टी आणखी बघा. बाल्कनीच्या काचेसमोरच्या भिंतीवर टीव्ही लावला तर दिवसा स्क्रीनमध्ये कपडे वाळत घातलेली दोरी दिसेल. शक्यतो त्या काचेला काटकोनातली भिंत निवडा. आणि भिंत कशाची आहे ते माहीत करून घ्या. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या पोकळसर ब्लॉकच्या असतात. त्यात नेहमीचे प्लास्टिकचे गट्टू हळूहळू सैल होतात. तशा भिंतीसाठी वेगळे, लांब अँकर मिळतात. टीव्ही लावायला येणाऱ्याला आधीच फोनवर सांगितलं तर तो ते घेऊन येतो.

दुसरं: घरात खरोखर काय बघितलं जातं?

इथे प्रामाणिक राहा. रात्री दहानंतर दिवे घालवून ओटीटीवर पिक्चर बघणारं घर वेगळं, आणि सकाळी सातपासून बातम्या, दुपारी मालिका, संध्याकाळी क्रिकेट असं चालणारं घर वेगळं.

ओएलईडीचं चित्र सगळ्यांत सुंदर, यात वाद नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तेच ठिपके रोज तासन्‌तास एकाच जागी एकच चित्र दाखवत राहिले तर असमान झिजतात. मराठी न्यूज चॅनेलची खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो, वर 'ब्रेकिंग'चा ठोकळा हे सगळं दिवसाचे सहा-सात तास चालू असलेल्या घरात मी ओएलईडी घ्या असं सांगणार नाही. आजोबांना बातम्या बंद करायला सांगण्यापेक्षा चांगला एलईडी घेणं सोपं. संध्याकाळचा टीव्ही आणि शनिवार-रविवारचे पिक्चर एवढंच असेल तर मात्र बजेट बसल्यास बिनधास्त घ्या.

डीटीएच किंवा केबलवर घरात साधी एसडी, म्हणजे कमी बारकाव्याची चॅनेल लागत असतील, तर तेही लक्षात ठेवा. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. ते ६५ इंचावर ताणलं की चेहरे वितळल्यासारखे दिसतात आणि दोष टीव्हीला दिला जातो. झी मराठी, स्टार प्रवाह यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. पॅक बदलायचे थोडे पैसे टीव्हीच्या खर्चातच धरा.

तिसरं: पॅनेल, म्हणजे टीव्हीचा जीव

जाहिरातीत एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, नॅनो अमुक, क्रिस्टल तमुक अशी नावं दिसतील. ओएलईडी सोडला तर हे सगळे मुळात एलसीडीच आहेत: मागे दिवे, पुढे पडदा. फरक आहे तो दिव्यांमध्ये आणि पडद्याच्या जातीत.

पडद्याच्या दोन जाती. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक) साधारण ३०००:१ किंवा जास्त, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, पण कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, त्यामुळे अंधारातले सीन करडे दिसतात. दोघं-तिघं समोर बसून बघणार असाल तर व्हीए घ्या. हॉलमध्ये एल आकारात दिवाण, खुर्च्या, पाहुणे असा पसारा असेल तर आयपीएसचा विचार करा. ही माहिती खोक्यावर क्वचितच लिहिलेली असते. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन इंटरनेटवर एखादा मोजमाप करणारा रिव्ह्यू शोधा. एकाच मालिकेत ५५ आणि ६५ इंचीला वेगळं पॅनेल असू शकतं, म्हणून नंबर पूर्ण हवा.

दिव्यांचं म्हणाल तर 'लोकल डिमिंग' आहे का आणि किती झोनचं, एवढं विचारा. झोन म्हणजे मागच्या दिव्यांचे स्वतंत्रपणे मंद होणारे गट. झोन नसले की आकाशात एक चांदणी दाखवायलाही मागचे सगळे दिवे पेटलेले राहतात. मिनी एलईडीत असे झोन शेकड्यांनी असतात. चढत्या बजेटमध्ये ओएलईडीला तोच खरा पर्याय.

आता एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. डॉल्बी व्हिजन हा त्याचाच एक प्रकार. "सर, यात डॉल्बी व्हिजन पण आहे," हे वाक्य पंचवीस हजारांच्या टीव्हीपुढेही ऐकायला मिळतं. खोटं नाही ते. टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. पण एचडीआरचा परिणाम दिसायला उजेड लागतो, आणि स्वस्त टीव्ही २५०-३०० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) पुढे जात नाहीत. ६०० निट्सच्या वर गेलं की सूर्यप्रकाश, दिव्याची ज्योत, पाण्यावरची चमक यांत फरक जाणवू लागतो. तेव्हा स्टिकर मोजू नका, निट्स विचारा. सेल्समनला बहुधा माहीत नसतील, रिव्ह्यूत असतात.

१२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा टीव्ही हवा का? पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून कॅमेरा संथ फिरतो तेव्हा १२० वर हालचाल सलग दिसते. पोरांचा प्लेस्टेशन असेल तर नक्कीच घ्या. नसेल आणि पैसे तोलून-मापून असतील तर मी आधी लोकल डिमिंगला पैसे देईन.

स्मार्ट सिस्टीम कोणती, यावर डोकं फोडू नका. दोन वर्षांनी ती संथ झालीच तर चार-पाच हजारांची स्टिक लावून काम भागतं. पॅनेल मात्र बदलता येत नाही. मागे एचडीएमआयची (चित्र-आवाज एकाच वायरने नेणारी) किमान तीन भोकं आणि त्यांतल्या एकावर 'ईआर्क' (टीव्हीचा आवाज बाहेरच्या साउंडकडे नेणाऱ्या 'आर्क'चं सुधारलेलं रूप) लिहिलेलं, एवढं बघून घ्या; त्याचं कारण पुढे येईल.

दुकानातली परीक्षा

शोरूममध्ये सगळे टीव्ही 'व्हिव्हिड' या भडक रंगांच्या मोडवर, कंपनीच्याच फुलपाखरांच्या व्हिडिओवर चालू असतात. तिथे निवड करणं म्हणजे फसायची तयारी. पेनड्राइव्हवर तुमच्या ओळखीचा, रात्रीचे प्रसंग असलेला एखादा सीन घेऊन जा. सेल्समनला पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करायला लावा. मग सबटायटल बघा: खालच्या काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं उमटली की त्यांच्याभोवती धुरकट उजेड पसरतो का? पसरत असेल तर घरी अंधारात तो आणखी खुपेल. दोन पावलं डावीकडे सरका, रंग उडतात का बघा. शेवटी डीटीएचवरचं एखादं साधं चॅनेल लावायला सांगा. कुरकुर करतील, करू द्या.

चौथं: आवाज, जिथे बहुतेक जण पैसे वाचवतात

टीव्ही जितका पातळ, तितका त्याचा आवाज पातळ. आत दोन छोटे स्पीकर, बहुतेकदा मिळून २० वॉटचे आणि तोंड खाली जमिनीकडे. म्हणून कुजबुजीतला संवाद ऐकू येत नाही, आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच क्षणी गाणं किंवा मारामारी अंगावर येते. रिमोट हातात घेऊन पिक्चर बघायची ही सवय टीव्ही बदलून जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: एक लाख असतील तर साठ हजारांचा टीव्ही आणि चाळीस हजारांचा साउंड घ्या. नव्वद हजारांच्या टीव्हीखाली दहा हजारांचा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेतलेल्या घरात चित्राचं कौतुक पहिला आठवडा होतं, आवाजाची तक्रार कायम राहते.

आकडे समजून घ्या. २.१ म्हणजे डावा-उजवा आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा, बासचा स्पीकर. ३.१ मध्ये मधला, सेंटर चॅनेल वाढतो. ५.१ मध्ये मागचे दोन. ५.१.२ मधला शेवटचा दोन म्हणजे डोक्यावरून आवाज देणारे, डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी. पिक्चरमधले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, म्हणून ज्यात स्वतंत्र सेंटर नाही तो बार मी घेऊ नका म्हणेन, मग त्यावर अ‍ॅटमॉसचा कितीही मोठा शिक्का असो. वॉटच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. 'पीएमपीओ'चे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारो वॉट निव्वळ धूळफेक; आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद विचारा, आणि तोसुद्धा सगळ्या स्पीकरची बेरीज करून सांगितलेला असतो.

साउंडबार की रिसीव्हर-स्पीकर? भाड्याचं घर, वायरी नकोत, घरच्यांना एकच रिमोट हवा, तर ३.१ किंवा मागच्या स्पीकरसह ५.१ बार. स्वतःचं घर आणि हळूहळू वाढवायची तयारी असेल तर एव्ही रिसीव्हर, म्हणजे सुट्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा. डेनॉन, यामाहा, ओंक्यो यांचे सुरुवातीचे रिसीव्हर साधारण तीस-पस्तीस हजारांपासून पुढे. पहिल्या वर्षी रिसीव्हर, पुढचे दोन स्पीकर आणि सेंटर, बोनसला सबवूफर, नंतर मागचे दोन. बारमध्ये एक भाग बिघडला की बहुतेक वेळा सगळंच अडतं, इथे एकेक वस्तू बदलता येते. पुढचे तिन्ही स्पीकर मात्र एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिच्या इंजिनाचा आवाज बदलतो.

अ‍ॅटमॉसबद्दल एक सूचना. वर तोंड असलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट आणि कडक हवं. पीओपीचं पायऱ्या-पायऱ्यांचं फॉल्स सीलिंग, मध्ये झुंबर आणि गरगरणारा पंखा असेल तर त्या जादा पैशांतून फारसं काही हाती लागत नाही. पंख्यावरून आठवलं: पाचवर चाललेला सीलिंग फॅन हा आपल्याकडच्या होम थिएटरचा खरा शत्रू. हळू संवाद तो गिळून टाकतो. दोनवर ठेवा किंवा एसी लावा.

पुढचे दोन स्पीकर तुमच्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३० अंशांवर यावेत. पुस्तकी नियमाने मागचे स्पीकर थोडे पाठीमागे, १०० ते १२० अंशांवर असतात. पण आपला सोफा बहुधा भिंतीला टेकलेला, मागे जागाच नसते. मग ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा. काम छान होतं. सेंटर किंवा बार टीव्ही युनिटच्या खणात खोल ढकलू नका, पुढच्या कडेला आणा. खणात ठेवला की आवाज घशात अडकतो. रिसीव्हर तर बंद कपाटात ठेवायचाच नाही, तो तापतो.

सबवूफर कुठे ठेवायचा? तो तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, घुमणारं एखादं गाणं लावा आणि स्वतः हॉलभर रांगत फिरा. हसतील लोक, हसू द्या. जिथे ढोलाचा ठोका स्वच्छ आणि भरीव ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवायचा. कोपऱ्यात ठेवला तर बास फुगतो आणि भिंतींमधून थेट शेजाऱ्यांकडे जातो. खाली जाड रबरी किंवा फोमचा मॅट टाका. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये डेसिबल कुणी विचारत नाही, खालच्या काकूंची झोप मोडली का एवढंच विचारतात.

खोलीलाही थोडं सांभाळून घ्या. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असा शेपूट असलेला आवाज आला तर महागातले स्पीकरही तिथे कर्कश वाटतील. जाड पडदे, सोफ्यासमोर सतरंजी किंवा गालिचा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने बराच फरक पडतो, आणि तो दहा हजार जास्त खर्चून मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

पाचवं: वायरिंग, फर्निचरच्या आधी

हे काम रंगाच्या आणि सुताराच्या आधी झालं पाहिजे. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत भिंतीत दोन इंची पीव्हीसी पाइप सरळ, बिनवळणाचा टाकून घ्या. एक इंची पाइपमध्ये वळणावर एचडीएमआयचं डोकं अडकतं. टीव्हीमागे दोन आणि युनिटमध्ये निदान पाच पॉइंट काढा. मागच्या स्पीकरसाठी खास महागडी वायर लागत नाही: इलेक्ट्रिशियनकडची १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची दोन तारी वायर घरातल्या अंतराला पुरते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे मीटरवर मिळेल. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त म्हणून देतात, ती नको. जोडताना प्लस प्लसला आणि मायनस मायनसला. एका स्पीकरची उलटी लागली तर बास गायब होतो आणि कारण सापडत नाही.

राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकता आली तर टाकाच. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस सांगतं; वेग घरात असतो, पण दोन भिंती ओलांडून वाय-फायवर तो पोचेलच असं नाही. आणि ४के त्यांच्या सर्वांत वरच्या प्लॅनमध्येच मिळतं, हेही आधी बघा.

कोकणात किंवा डोंगराळ भागात घर असेल तर स्पाइक गार्ड आणि चांगलं अर्थिंग यांवर कंजुषी नको. विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही काढून ठेवायची. बऱ्याचदा दणका तिथूनच येतो.

सहावं: कधी आणि कसं घ्यायचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या किमतीचा तक्ता दाखवून कुणी 'सूट' देत असेल तर ते लक्षात असू द्या. दसरा-दिवाळीत ऑफर असतातच. नवी मॉडेलं आल्यावर उरलेलं मागच्या वर्षीचं वरच्या दर्जाचं मॉडेल हा बऱ्याचदा त्याहून चांगला सौदा. ऑनलाइन किंमत मोबाइलवर दाखवून गल्लीतल्या दुकानदाराशी बोला. तो रुपयाला रुपया जुळवणार नाही, पण वॉल माउंट, घरपोच आणि काही अडलं तर फोन उचलणारा माणूस यांची किंमत धरली तर हिशोब बसतो.

सातवं: जोडणी आणि सेटिंग

बार किंवा रिसीव्हर टीव्हीच्या ईआर्क लिहिलेल्या भोकातच लावा. ऑप्टिकल वायरने ५.१ पर्यंत भागतं, अ‍ॅटमॉस त्यातून येत नाही. साध्या आर्कवर ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस चालतं. ब्लू-रेचा पूर्ण, न दाबलेला आवाज हवा असेल तर ईआर्क लागतो. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. ते 'पीसीएम'वर (बहुधा नुसत्या डाव्या-उजव्या आवाजावर) राहिलं तर मागचे स्पीकर नुसते शोभेला. 'सीईसी' (एचडीएमआयने जोडलेल्या वस्तू एकमेकींना हुकूम देतात ते सेटिंग) चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने साउंड कमी-जास्त होतो. पेनड्राइव्हवरच्या पिक्चरला चित्र आहे पण आवाज नाही असं झालं, तर तो आवाज बहुधा डीटीएस, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या प्रकारचा असतो. काही कंपन्यांचे टीव्ही तो वाजवत नाहीत.

चित्रासाठी पहिलं काम व्हिव्हिड काढणं, दुसरं मोशन स्मूदिंग बंद करणं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण काम एकच: दोन फ्रेममध्ये खोट्या फ्रेम घालून पिक्चरला दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत करणं. क्रिकेटला हवं तर ठेवा. सिनेमा मोड सुरुवातीला पिवळट वाटतो; चार दिवस द्या, मग व्हिव्हिडच निळसर भडक वाटायला लागतो.

रिसीव्हरबरोबर माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून मोजणी चालवा, म्हणजे रिसीव्हर स्पीकरचा आवाज खोलीप्रमाणे जुळवून घेतो. तेव्हा पंखा, एसी, मिक्सर बंद आणि पोरं खाली खेळायला. स्पीकर लहान असतील तर 'स्मॉल' निवडून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचा घुमार सबवूफरकडे जातो. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर 'लिप सिंक' नावाचं सेटिंग असतं. रात्रीसाठी 'नाइट मोड' असतो: मोठे आवाज दबतात, संवाद वर येतात.

आणि टीव्ही लावायला माणूस आला असतानाच, तो निघायच्या आत, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि करडा असे पाच रंग पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. यूट्यूबवर तयार व्हिडिओ मिळतात. मेलेला ठिपका किंवा कोपऱ्यात डाग दिसला तर फोटो काढा आणि त्याच्या कागदावर नोंद करून घ्या, कारण परत घ्यायची मुदत मोजक्या दिवसांची असते. खोका आणि थर्माकोल ती मुदत संपेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. बिल कागदावर असेल तर त्याचा लगेच फोटो काढून ठेवा. थर्मल प्रिंट वर्षभरात पुसट होते आणि वॉरंटीला नेमकी तीच तारीख विचारतात.